ऐंशी गावांची बॅच

जवाहर नवोदय विद्यालयाच्या एका बॅचमध्ये साधारण ८० मुले असतात आणि ती जवळजवळ तेवढ्याच गावांतून आलेली असतात. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत निवड झाली की दहा-अकरा वर्षांचे पोर ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन घराबाहेर पडते, सात वर्षे एका आवारात राहते आणि बारावीचा निकाल लागला की बॅच पांगते. गावच्या शाळेतून शिकून गेलेल्यांची खबरबात ठेवायला वेगळा माणूस लागत नाही. आठवडी बाजार, यात्रा, लग्नातल्या पंगती, एसटीचा थांबा अशा ठिकाणी कोण कुठे आहे, कुणाचे काय चालले आहे, हे कानावर पडतच राहते. नवोदयच्या बॅचला असे समाईक गाव नसते. एकाच तालुक्यातले दोघे कधीतरी एखाद्या हळदीला भेटतात, बाकीच्यांची गाठ पडण्याचे काहीच कारण उरत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या विभागवार बातम्या गोळा करणे आणि त्यांचे मेळावे भरवणे हे काम इथे कुणाला तरी अंगावर घ्यावे लागते आणि वर्षानुवर्षे निभवावे लागते.

ही विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभी राहिली. प्रायोगिक तत्त्वावरची पहिली दोन १९८५-८६ मध्ये हरियाणात झज्जरला आणि महाराष्ट्रात अमरावतीला सुरू झाली. पुढे तामिळनाडू वगळता देशभर जिल्ह्याला एक या हिशेबाने ती वाढत गेली. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांना, एक-तृतीयांश जागा मुलींना, आणि शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश सरकारी खर्चाने, अशी ही योजना आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा नवोदय विद्यालय समितीच्या पुणे विभागात येतात. महाराष्ट्रातल्या विद्यालयांची ठिकाणे पाहिली तर टाकळी ढोकेश्वर, गढी, पोखरापूर, पलूस, कागल, सांगेली, घोट, नवेगावबांध अशी नावे पुढे येतात. बहुतेक जिल्ह्याच्या शहरापासून लांब, काही तर अगदी आडबाजूला. शाळेचे गाव बॅचमधल्या जवळपास कुणाचेच नसते. बारावीनंतर त्या रस्त्याने जाण्याचा प्रसंग येत नाही. शाळा आठवते रोज, पण वाट मात्र वाकडी केल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि विखुरण्याचे निम्मे कारण यातच आहे.

महाराष्ट्राला वसतिगृहाची परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. कोल्हापूरच्या बोर्डिंगांमागे त्या त्या समाजाची माणसे उभी होती आणि शहरही मोठे होते, त्यामुळे बाहेर पडलेला विद्यार्थी कामानिमित्त पुन्हा तिथेच येई. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकलेल्या मुलांपैकी अनेक जण रयतेतच शिक्षक झाले आणि बदल्यांच्या निमित्ताने एकमेकांना भेटत राहिले. नवोदयच्या विद्यार्थ्यामागे ना समाजाची संस्था असते, ना नोकरीचा तोच धागा. ८० घरांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे शाळेच्या प्रवेश रजिस्टरची दोन-चार पाने.

त्यात स्थलांतराच्या वर्षाची भर. नववीतली सुमारे ३० टक्के मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या जोड-विद्यालयात जातात आणि तिथली मुले इकडे येतात. नवोदयची मुले याला नुसते ‘मायग्रेशन’ म्हणतात. मराठवाड्यातला मुलगा उत्तर प्रदेशात किंवा मध्य प्रदेशात वर्ष काढून येतो. थंडीत कुडकुडतो, मेसमधल्या वेगळ्या चवीला सरावतो, आणि परत येतो तेव्हा त्याची हिंदी त्याच्या वर्गातल्या इतरांपेक्षा वेगळीच लागते. तिकडून आलेली मुले इथे मराठी शिकतात. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत हे वर्ष फार महत्त्वाचे ठरते, कारण त्यामुळे एकाच माणसाच्या दोन बॅच होतात. लखनौकडे किंवा भोपाळकडे आज असे पन्नाशीकडे झुकलेले लोक आहेत, ज्यांना मराठी वाचता येते आणि जे महाराष्ट्रातल्या एका आडगावातल्या शाळेला आपली शाळा मानतात. विभागवार बातम्यांमध्ये त्यांचा रकाना नसेल तर त्या बॅचचे चित्र अर्धे राहते. अनेक विद्यालयांच्या याद्यांमध्ये तो नसतो, आणि तो उघडायला एका फोनचीच गरज असते, कारण तिकडचा एक सापडला की त्याच्याकडून बाकीचे चारपाच दिवसांत हाती लागतात.

कामाची सुरुवात यादीपासून होते, आणि यादीत कुणाला घ्यायचे हा पहिलाच प्रश्न नाजूक असतो. ८० मुलांनी सहावीत प्रवेश घेतला म्हणून ८० जण बारावी होतात असे नाही. घरची ओढ सहन न होऊन पहिल्याच दिवाळीनंतर काही जण परत येत नाहीत. दहावीनंतर कुणी पॉलिटेक्निकला जातो, कुणी आयटीआयला. काहींना टीसी देऊन घरी पाठवलेले असते आणि त्यामागची हकीकत बॅचमध्ये कुजबुजीतच राहिलेली असते. नववीत आणि अकरावीत नव्याने आलेलेही असतात. बारावीचा निकाल हाताशी घेऊन यादी केली तर यातले बरेच गळतात आणि एकदा गळलेला माणूस आपणहून परत येत नाही. त्याला वाटते, आपण अर्ध्यातून गेलो, आपला हक्क काय? म्हणून रजिस्टरमध्ये ज्याचे नाव चढले तो बॅचचा, मग तो सात वर्षे राहिलेला असो की सात महिने, हाच नियम बरोबर आहे. या नियमाने यादी केली की गळालेले काही जण सापडतात, आणि मेळाव्याला हौसेने, पहिली गाडी पकडून येणाऱ्यांत तेच असतात.

मुलींची नावे शोधणे हे या कामातले सर्वांत चिकाटीचे प्रकरण. एक-तृतीयांश जागा असल्याने बॅचमध्ये पंचवीस-तीस मुली असायच्याच. लग्नानंतर आडनाव, गाव, फोन नंबर, काही घरांत पहिले नावसुद्धा बदलते. मुलगे एकमेकांना कसेबसे सापडतात. मुलींचा मात्र माहेरातूनच माग काढावा लागतो. वडिलांच्या गावी फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कोण?’ तिथे पुरुषाचा आवाज असला तर बहुधा बोलणे तिथेच संपते. हाच फोन तिच्या डॉर्मिटरीत राहिलेल्या मैत्रिणीने केला तर आई उचलते, ओळखते, आणि मुलीच्या सासरचे गाव, नातवंडांची नावे, जावयाची बदली असे सगळे पंधरा मिनिटांत सांगून टाकते. त्यामुळे प्रत्येक विभागात बातम्या घेणारी एक बाई असणे ही सोय नसून गरज आहे. यादीत नाव लावताना शाळेतले नाव आधी आणि हल्लीचे नाव त्याच्यामागे लावावे. वर्गमैत्रीण शोधते ती शाळेतल्या नावाने. हे साधे पथ्य पाळले नाही म्हणून कितीतरी याद्यांत एकीची दोन माणसे झालेली दिसतात, किंवा ती सापडतच नाही.

१९८६-८७ मध्ये सहावीत आलेली मुले १९९३ मध्ये बारावी झाली. त्यांच्या काळी पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मुलगा शहरात खोली घेऊन राहिला तरी तो पत्ता वर्षाला बदलायचा, म्हणून पत्र गावाकडच्या पत्त्यावरच जायचे आणि वडील ते पुढे पाठवायचे. एसटीडी बूथ, अंतर्देशीय पत्र आणि कुणाच्या तरी वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले पत्ते, एवढ्यावर पहिल्या काही बॅचनी दहा वर्षे काढली. मग ऑर्कुट आले आणि हरवलेली माणसे एकदम दिसू लागली. २०१४ मध्ये ते बंद पडले तेव्हा तिथे जमवलेली नावे, फोटो, जुन्या आठवणींचे संवादही बहुतांशी गेले, कारण ते उतरवून ठेवावे असे फारच थोड्यांच्या मनात आले. व्हॉट्सॲपने बॅच एका ठिकाणी आणली. गटात १०० जणांची मर्यादा होती तेव्हाही ८० जणांची बॅच त्यात मावत होती. संपूर्ण विद्यालयाचे माजी विद्यार्थी मात्र मावत नव्हते, आणि म्हणूनच बॅचगणिक गट पडले. ती मर्यादा २०२२ मध्ये १,०२४ झाली तोपर्यंत बॅचचे कुंपण पक्के झाले होते. आज १९९५ ची बॅच आणि २०१० ची बॅच एका शहरात, कधी एकाच कंपनीत असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

विभागवार बातम्यांचे मोल इथे कळते. विभागाची वाटणी बॅच बघत नाही, ठिकाण बघते. एखाद्या जिल्ह्याच्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी घेतले तर साधारण असे विभाग पडतात: आधी खुद्द जिल्हा, तोही तालुक्यांप्रमाणे, मग पुणे आणि पिंपरी-चिंचवड, मुंबई-ठाणे, जवळचे मोठे शहर म्हणजे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, मग बंगळूर-हैदराबाद, आखाती देश, युरोप-अमेरिका, आणि सैन्यात किंवा निमलष्करी दलांत असलेल्यांचा एक वेगळा, सतत जागा बदलणारा विभाग. पुणे विभाग संख्येने सर्वांत मोठा आणि जिल्ह्यातला विभाग सर्वांत दुर्लक्षित, हे बहुतेक ठिकाणी सारखेच. गावी राहिलेल्यांना वाटते की बातमी त्यांची, जे बाहेर गेले.

पण फोन येतो तो गावाकडूनच. घोटला शिकलेल्या कुणाच्या वडिलांना गडचिरोलीतून नागपूरला मेडिकलमध्ये हलवायचे असते. रात्रीची वेळ, बरोबर एक चुलता, खिशात थोडे पैसे. नागपूर विभागाची यादी ताजी असेल तर रुग्णवाहिका पोचायच्या आत दारात दोन माणसे उभी असतात, रक्तगट विचारून झालेला असतो आणि चुलत्याच्या जेवणाची सोय लागलेली असते. परळला टाटा रुग्णालयात आईला घेऊन आलेल्याला मुंबईत महिनाभर कुठे टेकायचे हे सांगणारे माणूस लागते. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुलीला मेस आणि अभ्यासिका दाखवणारी ताई लागते. एप्रिल-मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अशा याद्यांवरून कुठे बेड आहे, कुठे ऑक्सिजन आहे हे विचारले गेले आणि सांगितलेही गेले. ज्या विद्यालयांची विभागवार यादी त्याआधी तयार होती त्यांना तिचा उपयोग झाला. जिथे ती नव्हती तिथे त्या घाईत करणे शक्य नव्हते.

आता बातमी कशाला म्हणायचे? नोकरी लागली, परीक्षा पास झाली, बदली झाली, घर बांधले, लग्न, बारसे, पुरस्कार, हे लोक आपणहून कळवतात. त्यात काही गैर नाही. आडगावातल्या पोराने मिळवलेले यश साऱ्या बॅचला आपले वाटते आणि वाटावेही. पण नुसत्या अशाच बातम्या दोन-तीन वर्षे येत राहिल्या की बॅचमधली निम्मी माणसे गप्प होतात. त्यांना फोन केला तर उत्तर ठरलेले असते: ‘आपलं काय, शेतीच. लिहिण्यासारखं काही नाही.’ बातम्या घेणाऱ्याची खरी परीक्षा या वाक्यानंतर सुरू होते. ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला शेतकरी कधीच नीट उत्तर देत नाही. ‘विहिरीला पाणी किती आहे? सोयाबीन काय भावाने गेलं? तुरीवर अळी आली का?’ असे विचारले की तो अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या तासात समजते की त्याने गावातल्या सातआठ शेतकऱ्यांना घेऊन ठिबकवर हळद लावली आहे, ग्रामपंचायतीत तो दोन वर्षे सदस्य आहे, आणि दर रविवारी देवळात मुलांची नवोदयच्या परीक्षेची तयारी फुकट करून घेतो. मागच्या वर्षी त्यातले एक पोर निवडले गेले, हे तो फोन ठेवता ठेवता सांगतो. विभागाच्या पानावर हीच बातमी सर्वांत वर जायला हवी. शाळेने सात वर्षांत जे दिले ते गावात परत गेल्याची याहून ठळक खूण दुसरी नाही.

निधनाची बातमी ही वेगळी जबाबदारी. ती कुठून तरी येते, बहुधा एका ओळीत, आणि काही मिनिटांत शेकडो जणांपर्यंत पोचते. घरच्यांशी किंवा गावातल्या जबाबदार माणसाशी बोलून खात्री होईपर्यंत ती पुढे जाऊ देऊ नये. खात्री झाल्यावरही गटावर टाकण्याआधी त्याच्या शेजारच्या खाटेवर सात वर्षे झोपलेल्या मित्राला फोन करावा. त्याला ती इतरांच्या बरोबरीने, हातातल्या पडद्यावर कळू नये. मृत्यूचे कारण लिहावे की नाही हे घरच्यांनी ठरवायचे असते. आत्महत्या असेल तर नाहीच लिहायचे. आजारपणाच्या मदतीचे आवाहनही घरच्यांना विचारूनच करावे, कारण गावात ज्याने आपली अडचण झाकून ठेवली आहे त्याला वर्गमित्रांच्या यादीत ती जाहीर झालेली बघवत नाही.

मेळाव्याची तारीख ठरवण्यावर जेवढा वाद होतो तेवढा दुसऱ्या कशावरही होत नाही, आणि तो व्हायलाच हवा, कारण तारखेवरून कोण येणार हे ठरते. डिसेंबरात शाळा चालू असते. शिक्षक, मुले, मेस सगळे जागेवर. शहरातल्यांच्या सुट्ट्या शिल्लक असतात आणि परदेशातले नाताळात येतात. पण बीड जिल्ह्यात तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो आणि ज्यांच्या घरची माणसे कारखान्याच्या पट्ट्यात गेली आहेत त्यांना म्हातारी माणसे आणि जनावरे सोडून निघता येत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे आवार रिकामे, मुक्कामाची मोकळीक. पेरणी अजून लांब असल्याने शेतकरीही मोकळा. मात्र लग्नसराई आडवी येते आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे दुपारी बाहेर उभे राहवत नाही. कोकणात गणपतीला सगळे चाकरमानी गावी असतात म्हणून तेव्हाच ठेवावा असे दरवर्षी कुणीतरी सुचवते. पण ज्याच्या घरी गणपती आहे तो आरती-भजन सोडून सांगेलीला यायचा कसा? तिथे मे महिनाच बरा, चाकरमानी तेव्हाही येतातच. देशावर आणि मराठवाड्यात भाऊबीजेनंतरचे दोन दिवस सर्वांत चांगले, कारण त्या दिवसांत मुली माहेरी असतात. ज्या बॅचने हे ओळखले तिच्या मेळाव्याला मुलींची संख्या सहज वाढते. तारीख किमान सहा महिने आधी सांगावी. सैन्यातल्याला रजेचा अर्ज करायचा असतो, आणि रोजंदारीवर असलेल्याला तेवढे दिवस पैसे बाजूला ठेवायचे असतात.

मेळाव्याच्या दिवशी फाटकावरच्या वहीत सही करून आत जायचे असते, आणि तिथेच पहिली गोष्ट सुरू होते. सही करताना लोक नकळत नावापुढे हाऊस लिहितात: अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. वहीत तसा रकानाही नसतो. छातीवर लावायच्या पट्टीवर नाव, प्रवेशाचे वर्ष आणि हाऊस एवढेच असावे. हुद्दा, कंपनी, पदवी यातले काही नको. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल बाजूला लावून उभा असतो. इतरांच्या गाड्या आत जाताना पाहत असतो आणि आत यावे की नाही याचा विचार करत असतो. फाटकावर त्याच्याच बॅचचा, त्याला चेहऱ्याने ओळखणारा माणूस बसवलेला असेल तर तो नावाने, शाळेतल्या टोपणनावाने हाक मारतो आणि प्रश्न मिटतो. स्वागत समितीत उत्साही अनोळखी तरुण बसवण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगले.

कार्यक्रमात सकाळची प्रार्थना, हजेरी आणि मेस एवढे असले तरी पुरे. हजेरी जुन्या क्रमानेच घ्यावी, शाळेतल्या रोल नंबरने. जे आले नाहीत त्यांचाही नंबर पुकारावा. शेजारचा कुणीतरी उठून सांगतो: दुबईत आहे, आई आजारी आहे म्हणून आला नाही, पत्ता लागत नाही. या हजेरीत जेवढी ताजी माहिती मिळते तेवढी महिनाभर फोन करून मिळत नाही, म्हणून ती लिहून घेणारे दोघे जण पुढे बसलेले हवेत. मेसमध्ये रांगेत उभे राहून थाळी घ्यावी, जेवून झाल्यावर नळाच्या रांगेत आपली आपण धुवावी. मोठ्या अधिकाराच्या जागी बसलेले लोक हे मनापासून करतात. त्यांना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देण्याची हौस आयोजकांना असते. ती आवरली पाहिजे. सत्कार सुरू झाले की मेळाव्याचे दोन भाग पडतात, वर बसलेले आणि खाली बसलेले, आणि खाली बसलेल्यांतले काही पुढच्या वेळी येत नाहीत.

सत्कार करायचाच तर शिक्षकांचा आणि मेसमध्ये राबलेल्यांचा करावा. नवोदयच्या शिक्षकांच्या बदल्या दुसऱ्या विद्यालयांत, पुष्कळदा दुसऱ्या राज्यांतही होतात. आवारातच राहणारे हाऊस मास्टर रात्री ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसलेले असतात, आणि पाच-सहा वर्षांनी बदली होऊन जातात ते कायमचेच. त्यांतले कितीतरी आता निवृत्त होऊन बिहार, केरळ, ओडिशातल्या आपल्या गावी आहेत. त्यांच्यासाठी बातम्यांत वेगळा विभाग असावा आणि त्यांना मेळाव्याचे आमंत्रण पत्राने जावे, सोबत प्रवासाची सोय विचारणारा फोनही. स्वयंपाकघरातले काका, मेट्रन, पहारेकरी, धोबी यांची नावे शाळेच्या वार्षिक छायाचित्रात नसतात. त्यांचा पत्ता शाळेच्या गावातच लागतो. त्यांना बोलवायला कुणीतरी स्वतः त्यांच्या घरी जायला हवे.

शाळेची मुले आवारात असताना काही बंधने पाळावीच लागतात. प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी, वसतिगृहात मुक्काम करू नये, मुलींच्या वसतिगृहाकडे पुरुषांनी जाऊ नये, मुलांच्या हाती परस्पर पैसे किंवा मोबाईल देऊ नये. मुलांशी गप्पांचा तास ठेवला तर त्यात नर्स, तलाठी, शेतकरी, सुभेदार आणि लघुउद्योजक बोलायला असावेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्यांच्यात आपल्या ओळखीचे कुणीतरी दिसते.

पैशाचा विषय स्पष्ट ठेवला तरच माजी विद्यार्थ्यांचा संघ टिकतो. वर्गणीचा एकच आकडा ठरवला की ज्याला तो जड जातो तो कारण न सांगता गैरहजर राहतो. ज्याला जमेल तसे पाकीट ठेवावे आणि खर्चाचा हिशेब पावत्यांसह सर्वांना दाखवावा. कुणी किती दिले हे मात्र दाखवू नये. मदतनिधी चालवायचा असेल तर वैयक्तिक खात्यात पैसे घेणे थांबवून संस्था नोंदवावी. महाराष्ट्रात अशी संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते, त्यासाठी किमान सात सभासद लागतात आणि दरवर्षी हिशेब तपासून सादर करावे लागतात. परदेशातल्यांच्या देणगीचा नियमही माहीत असावा. तिकडे राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही, पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची रक्कम विदेशी देणगी ठरते आणि ती स्वीकारायला केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. एकाच बॅचमधल्या, एकाच शहरात राहणाऱ्या दोन मित्रांच्या बाबतीत त्यामुळे वेगवेगळा नियम लागू होतो, आणि हे समजावून सांगताना मने दुखावणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

मेळावा झाला की आठवडाभराच्या आत तीन कामे उरकायची असतात, नाहीतर ती राहतात. हजेरीत मिळालेली माहिती यादीत चढवायची. मोठ्या सामूहिक फोटोत कोण कोण आहे याची नावे डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे लिहायची. महिनाभरानंतर टोप्या-गॉगलमधले चेहरे ओळखू येत नाहीत. आणि प्रत्येक विभागातून बातम्या घेणारा माणूस पुढच्या दोन वर्षांसाठी नेमायचा, शक्यतो आधीच्याहून दहा वर्षांनी लहान. यादी कागदावर उतरवून एक प्रत संघाकडे, एक जिल्ह्यातल्या विभागाकडे आणि एक प्राचार्यांच्या संमतीने शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. फोन नंबर मात्र ग्रंथालयातल्या प्रतीत नसावेत, ते विभागप्रमुखाला विचारूनच मिळावेत.